वल्हं कुणाच्या हातात

(नाशिक इथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरातलं हे भाषण. बोलण्याची धाटणी मुद्दामच तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'टाळेबंदी आणि घर' असा विषय छापलाय. विषय चांगला आहे, पण मी आज बोलणार आहे एका नावेबद्दल. नाव म्हणजे होडी. अठरा-वीस फुटांची, फळ्यांची, डांबर फासलेली. तिच्यावर एक कुटुंब चौदा रात्री राहिलं, आणि पुढे चार महिन्यांनी त्याच नावेवरून चोरीचा आळ आला. आळ घेणारा नवरा आणि चोर ठरलेली त्याची बायको. ही हकिकत तुमच्यापुढे मांडायची आहे, कारण तिच्यात माझीही एक चूक आहे आणि ती चूक आपल्यापैकी बऱ्याचजणी रोज करत असणार असा मला संशय आहे.

आधी जागा सांगते. नंदुरबार जिल्हा आपल्याच नाशिक विभागात येतो, तरी आपल्यापैकी किती जणी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत नर्मदेच्या काठापर्यंत गेल्या आहेत? हात वर करा. तीन. मीही २०२१ पर्यंत गेले नव्हते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं येतात, अक्कलकुव्यातली नऊ आणि अक्राणीतली चोवीस. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण ही नावं आपण घोषणांमधून ऐकलीत. धरण पहिल्यांदा काठोकाठ, म्हणजे १३८.६८ मीटरपर्यंत भरलं ते २०१९ च्या सप्टेंबरात. म्हणजे करोना यायच्या जेमतेम सहा महिने आधी. डोंगराच्या उतारावर जे पाडे शिल्लक होते त्यांच्या तीन बाजूंना पाणी आलं, काहींच्या चारही बाजूंना. शाळा, बाजार, दवाखाना, माहेर, सगळं पाण्यापलीकडे. सडक म्हणजे नाव. त्यातही धोका केवढा! २०२० च्या संक्रांतीलाच तिकडे माणसांनी गच्च भरलेली नाव उलटली आणि काही जण बुडून मेले.

या गावांमधली माणसं पावसाळा संपला की मजुरीला बाहेर पडतात. जास्त करून गुजरातेत ऊसतोडीला जातात, काही जोड्या इकडे आपल्या द्राक्षबागांत येतात. अशीच एक जोडी दिंडोरी तालुक्यात मला भेटली, २०२० च्या फेब्रुवारीत. बागेच्या कडेला ताडपत्रीखाली आम्ही बायकांची बैठक घ्यायचो. कायदा सांगायचो, आजार सांगायचो. तिचं नाव मी सांगणार नाही. तिला आपण 'होडीवाली' म्हणू. तिच्या डोळ्याखाली वळ होता. बैठक संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं आणि जे आपण सगळ्याजणी सांगतो तेच सांगितलं. मारलं की अंगावरच्या कपड्यानिशी घराबाहेर पड, स्टँड गाठ, कुणाच्याही फोनवरून या नंबरला लाव. नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. तिनं चिठ्ठी लुगड्याच्या गाठीत बांधली. मी समाधानानं नाशिकला परतले.

२४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. बागांमध्ये माल वेलीवर, व्यापारी फिरकेनात, बागाईतदार बेदाणा करायच्या मागे लागलेले. मजुरांना काही ठिकाणी ठेवून घेतलं, काही ठिकाणी हिशोब करून जा म्हटलं. हिशोबही कसला, निम्मा 'नंतर देऊ'. होडीवाली, नवरा, सात वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा सटाणा-साक्रीच्या वाटेनं निघाले. काही चालत, काही भाजीच्या टेम्पोतून. पाच दिवस. आपण तेव्हा मुंबई-आग्रा रस्त्यावर पाणी आणि चपला वाटत होतो. ती माणसं दुसऱ्या रस्त्यानं गेली, आपल्याला दिसलीच नाहीत.

काठाला पोचले तर पाड्यावरच्यांनी लांबूनच हाका मारून सांगितलं, चौदा दिवस वर यायचं नाही. त्यांना दोष देत नाही मी. जवळचा दवाखाना जिथे पाण्यापलीकडे, तिथे साथीची धास्ती आपल्यापेक्षा जास्त असणारच. त्या वेळी देशभर हेच चाललं होतं. पश्चिम बंगालमध्ये पुरुलियात तरुण मुलं झाडावर मचाण बांधून राहिली आणि मालदा जिल्ह्यात एका म्हाताऱ्या माणसाला नावेवर राहावं लागलं, हे वर्तमानपत्रांत आलं होतं. आमच्या होडीवालीचं कुठेच आलं नाही. त्यांची नाव काठाला बांधलेली होती. नातेवाइकांनी तिच्यात एक गोधडी, एक तपेली आणि ज्वारीचं पीठ ठेवलं आणि ते बाजूला झाले.

तुम्ही म्हणाल, काठावरच का नाही राहिले? मीही विचारलं. ती हसली. काठाला गाळ असतो, गुडघाभर, कधी कंबरभर. पाणी खाली सरकलं की तो उघडा पडतो. त्यात गुरं रुततात, माणसंही रुततात. म्हणून नाव थोडी आत नेली आणि पाण्यातून वर आलेल्या एका वाळक्या झाडाच्या बुंध्याला बांधली. कुणाचं तरी मोहाचं झाड असणार ते, गाव होतं तेव्हाचं. तिथे चौदा रात्री.

आता संसार बघा. एका खडकापर्यंत जायची परवानगी होती. तिथे तीन दगड मांडून स्वयंपाक, पीठही पाड्यावरचे तिथेच ठेवून जायचे. प्यायचं पाणी नावेच्या बाजूचंच, साठलेलं, हिरवट. धाकट्याच्या कमरेला लुगड्याचा काठ फाडून बांधला आणि दुसरं टोक आडव्या फळीला, नाहीतर पोर पाण्यात. मुलीला पाण्याची सवय होती. दिवसा नवरा खडकावर जाऊन बसायचा. पाड्यावरचे पुरुष लांब उंचावर यायचे, तंबाखूच्या गोष्टी ओरडून व्हायच्या. हिच्याशी ओरडून बोलायला कुणी आलं नाही. बायका वर कामात. बाहेरचं बसणं कसं करायचीस, असं मी विचारलं. आपल्या शिबिरात हे विचारायला लाजायचं कारण नाही. ती म्हणाली, "रात झाली की. दिसभर पाणी कमी पियाचं." सहाव्या दिवशी पाळी आली. ते मी सविस्तर सांगत नाही, तुम्हाला कळतं.

भांडण झालं की काय व्हायचं? "नाव हलते," ती म्हणाली. एवढंच. वीस फुटांच्या नावेत मारायलाही तोल सांभाळावा लागतो. त्या चौदा दिवसांत त्यानं हात उचलला नाही, हे तिनं आपणहून सांगितलं, आणि सांगताना तिला जरा गंमत वाटत होती.

पण या चौदा दिवसांतली खरी गोष्ट वेगळी. चौथ्या दिवशी नवऱ्याला थंडी वाजून ताप आला. बहुधा हिवताप. पीठ खडकावर, नाव झाडाला, नवरा गोधडीत. हिनं वल्हं हातात घेतलं. लहानपणी बापाच्या नावेत बसली होती, पण वल्हं कुणी दिलं नव्हतं. पहिल्यांदा नाव गोल-गोल फिरली. मुलगी हसायला लागली. तिसऱ्या दिवशी ती खडकापर्यंत सरळ जात होती, आणि नवऱ्याचा ताप उतरला तरी वल्हं तिनं सोडलं नाही. त्यालाही बरं वाटलं असावं, बसून मिळत होतं.

मध्येच एक गोष्ट सांगते. माझ्या भाचीनं तेव्हा मला मोबाइलवर काही चित्रफिती दाखवल्या होत्या. शिडाच्या नौकेवरच कायमचा संसार मांडलेली परदेशी कुटुंबं. साथ आली तशी बेटांनी बंदरं मिटली आणि ही माणसं आहेत त्या पाण्यात अडकली. कॅरिबियन समुद्रात तर जूनपासून चक्रीवादळांचा मोसम लागतो, एरवी त्याआधी नौका सुरक्षित जागी हलवतात. आता हलायचीही चोरी. त्या वर्षी अटलांटिकमध्ये ३० वादळांना नावं द्यावी लागली, म्हणजे विक्रमच. मोठ्या व्यापारी जहाजांवर तर वर्षाअखेरीला सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही अडकलेले होते, असं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनंच सांगितलं. त्यांत आपल्या देशातले पुष्कळ. भाची त्या नौकांवरच्या निळ्या पाण्यानं हरखून गेली होती. मी बघत होते की स्वयंपाक कोण करतंय. बहुतेक चित्रफितींत पुरुष शिडाशी आणि बाई पोळपाटाशी, किंवा मुलांचा अभ्यास घेताना. समुद्र बदलला तरी ओटा तिथेच! आणि आपल्या नौदलाच्या सहा अधिकारी स्त्रिया 'तारिणी' ही शिडाची नौका घेऊन २०१७ च्या सप्टेंबरात गोव्याहून निघाल्या, वर्तिका जोशी त्यांची कप्तान, आणि जगाला वळसा घालून २०१८ च्या मे महिन्यात परतल्या, तेव्हा तिथे सुकाणूही त्यांचं आणि भांडीही त्यांचीच होती. कुणीतरी पुरुष नावेत असला की हे का बदलतं, याचा विचार करत बसले होते, तेवढ्यात आमचे हेल्पलाइनचे फोन सुरू झाले.

त्या फोनांबद्दल थोडं. राष्ट्रीय महिला आयोगाकडे २७ फेब्रुवारी ते २२ मार्च २०२० या काळात कौटुंबिक हिंसेच्या १२३ तक्रारी आल्या होत्या. २३ मार्च ते १६ एप्रिल या काळात २३९. जवळजवळ दुप्पट. आपण हे आकडे खूप ठिकाणी मांडले, योग्यच केलं. पण हे आकडे फोनला रेंज असलेल्यांचे. नर्मदाकाठच्या पाड्यांवर फोन करायचा तर डोंगर चढून टोकाला जावं लागतं. २३९ मध्ये ती नव्हती.

श्रावणात पाणी चढलं. खडक बुडाला. मजुरी नाही, बाजार नाही, घरात नवरा, सासू, दीर, परत आलेली दिराची बायको. अंगणवाडी बंद. आणि एका रात्री त्यानं तिला विळ्याच्या मुठीनं मारलं. पहाटे तिनं काय केलं? मी सांगितलं होतं तेच. अंगावरच्या कपड्यानिशी घराबाहेर पडली. पण बाहेर स्टँड नव्हता, पाणी होतं. मग दोन्ही पोरांना घेऊन ती उतारावर आली, दोर सोडला आणि वल्हं मारत एका गावाला गेली, जिथली अंगणवाडीताई तिच्या ओळखीची होती. किती वेळ लागला? "सूर्य डोक्यावर आला," म्हणाली.

पाच दिवसांनी नवरा दुसऱ्याच्या नावेतून पंचांना घेऊन आला. बायको पळाली असं तो म्हणालाच नाही. तो म्हणाला, माझी नाव चोरली.

जानेवारी २०२१ मध्ये मी तिथे पोचले तेव्हा मला हे कळलं. तिच्या माहेरी, ओसरीत. त्यांच्या बोलीत सगळ्यांना 'तू'च म्हणतात, कलेक्टर असो की मी. ती म्हणाली, "तू सांगितलंस, निघून ये. कशात बसून निघायचं ते नाही सांगितलंस."

ही माझी चूक. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला केस कशी लिहायची ते शिकवतात, नाव, वय, पत्ता, उत्पन्न. बाई घराबाहेर कशी पडते, कशावरून जाते, ते वाहन कुणाचं, हा रकाना नसतो. शहरात रिक्षा असते, रस्ता असतो. म्हणून आपल्याला वाटतं की उंबरठा ओलांडला की बाई सुटली.

आता नावेच्या मालकीचं बघू, कारण पंचांपुढे प्रश्न तोच होता. नाव एकोणीस हजारांना घेतलेली, जुनी. त्यातले नऊ हजार दोघांच्या एका मोसमाच्या द्राक्षमजुरीतले. पाच हजार तिचे चांदीचे वाळे मोडून. उरलेले नवऱ्याच्या भावानं दिले. तरी नाव त्याची. का? तर नाव पुरुषाची असते. शिवाय तो म्हणाला, मी हिच्या बापाला देज दिलंय, म्हणजे हिची मजुरीही माझीच. इथे जरा थांबायला हवं. आपल्याकडे भाषणात सर्रास म्हटलं जातं की आदिवासींत हुंडा नाही, बाई स्वतंत्र आहे. हुंडा नाही हे खरं. आमच्या शहरी बैठकांपेक्षा तिथल्या बायका मोकळेपणानं बोलतात, नवरा सोडतात, दुसरा करतात, हेही खरं. पण देज दिलं की बाईच्या श्रमावर हक्क सांगायला आधार मिळतो, हेही तितकंच खरं, आणि ते आदिवासी बायका स्वतःच सांगतात. आपण त्यांच्या वतीनं गोड बोलू नये.

पंचांनी निकाल दिला, नाव परत कर आणि दंड भर. दंड तिच्या बापानं भरला.

कुणी म्हणेल, पंच म्हणजे अडाणी लोक. मग सरकारी कागद काढून बघा. १९७९ साली नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा आला, त्यात 'कुटुंब' कशाला म्हणायचं ते लिहिलंय. नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि कुटुंबप्रमुखावर अवलंबून असलेली विधवा आई वगैरे माणसं, म्हणजे एक कुटुंब. आणि प्रत्येक सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब. सज्ञान मुलगी? ती त्या वाक्यात नाही. जमीन गेली तेव्हा मोबदल्याच्या हिशोबात मुलगा अख्खं कुटुंब आणि मुलगी कुणाच्या तरी कुटुंबातली एक. म्हणजे शिकलेल्या न्यायाधीशांनी जे लिहिलं तेच पंचांनी नावेबद्दल तोंडी सांगितलं. मी दोन्ही ठिकाणी सारखीच चिडते.

कायद्याकडे वळले ते मग. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्यात बाईला 'शेअर्ड हाउसहोल्ड'मध्ये, म्हणजे दोघं जिथे राहतात किंवा राहत होते त्या घरात, राहायचा हक्क आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. योगायोग असा की याच साथीच्या काळात, १५ ऑक्टोबर २०२० ला, सर्वोच्च न्यायालयानं सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात त्याचा अर्थ मोकळा केला. सासऱ्याच्या मालकीचं घर असलं तरी ते सुनेचं राहतं घर ठरू शकतं, असं सांगितलं आणि जुना आकुंचित निकाल बाजूला सारला. आपण पेढे वाटले होते. मी अर्ज लिहायला बसले तेव्हा मनात आलं, चौदा रात्री राहिलेली नाव हे 'राहतं घर' होईल का? वकील मैत्रीण म्हणाली, होणं अवघड आहे, राहण्यात थोडं तरी कायमपण लागतं. मी म्हटलं, कायमपण कुणाचं बघायचं? तिच्या पाड्याखालची जमीनच कायम राहिली नाही. ती हसून म्हणाली, हे भाषणात बोल, अर्जात नको.

म्हणून भाषणात बोलतेय.

अर्जात आम्ही दुसरी वाट धरली. त्याच कायद्याच्या १९ व्या कलमात एक तरतूद आहे, आठवं उपकलम. बाईचं स्त्रीधन किंवा जिच्यावर तिचा हक्क आहे अशी दुसरी कुठलीही मालमत्ता तिला परत द्यायला न्यायदंडाधिकारी सांगू शकतात. आपण हे उपकलम दागिन्यांसाठी वापरतो, कधी शिलाई मशिनसाठी. गाय-म्हैस, नाव, ठेल्याची गाडी यांच्यासाठी का नाही वापरायचं? वाळे मोडल्याची सोनाराकडची चिठ्ठी तिनं जपून ठेवली होती, माझ्या फोन नंबरच्या चिठ्ठीशेजारी, त्याच गाठीत. माझी चिठ्ठी भिजून पुसली गेली होती. सोनाराची शाबूत होती.

घरगुती घटनेचा अहवाल भरताना मोठी गंमत झाली. फॉर्मवर पत्ता. घर क्रमांक, गल्ली, पिन. समोरचे गृहस्थ म्हणाले, घटना कुठे घडली ते नीट लिहा. मार घरात बसला होता, तो लिहिला. पण नाव ताब्यात घेतली ती जागा? ती विचारात पडली आणि म्हणाली, "पाण्यावर." त्यांनी पेन खाली ठेवलं. शेवटी जवळच्या गावाचं नाव घालून 'जलाशयात' असं लिहिलं. कार्यालयाचं नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता. त्याला तसा रकाना नव्हता एवढंच.

त्या काठावरच्या आणखी दोघींबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. एक तुम्हाला माहीत आहे, रेलू वसावे. अक्कलकुवा तालुक्यातल्या चिमलखेडीची अंगणवाडी सेविका, तेव्हा सत्तावीस वर्षांची. साथीच्या भीतीनं अलिगाट आणि दादर या पाड्यांवरच्या बायका नावेनं अंगणवाडीत यायच्या बंद झाल्या, तेव्हा एका मच्छीमाराकडून लहान होडी मागून घेऊन एप्रिल २०२० पासून ती स्वतः वल्हवत त्यांच्याकडे जाऊ लागली. सकाळी अंगणवाडी, जेवण झालं की होडी. बातम्यांत आलं तसं अठरा किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस. पंचवीसएक बाळं आणि सात गरोदर बायका. वजनकाटा, पोषण आहार, सगळं होडीत. पोहणं आणि वल्हवणं तिला लहानपणापासून येत होतं. वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक केलं, मुख्यमंत्र्यांनी केलं, आपणही केलं. कौतुक करताना आपण तिला 'धाडसी' म्हटलं. धाडसी तर ती आहेच. पण तिचे वल्हवण्याचे तास कुठल्या हजेरीत भरायचे, हे आपण विचारलं का? अंगणवाडी १९७५ मध्ये सुरू झाली तेव्हापासून सेविकेला पगार नाही, मानधन मिळतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दाहोदच्या मणिबेन मगनभाई भारिया यांच्या प्रकरणात अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं म्हटलं. दाहोदही आदिवासी मुलूखच. मणिबेनचं नाव आपल्या पोस्टरवर यायला हवं. पेन्शनीत निघालेल्या बायांनी कोर्टापर्यंत जायचं म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी एक नर्स. त्या पाण्यात सरकारी तरंगता दवाखाना असतो, कर्मचारी काही दिवस नावेवरच राहून गावोगाव जातात, २०२१ मध्ये लसही अशाच नावांमधून पोचली. तशा एका नावेवर मी चहा प्यायले. डॉक्टर, औषधवाले, इंजीन चालवणारे, सगळे पुरुष. ही एकटी बाई. मी विचारलं, चहा छान झालाय, कोण करतं? ती म्हणाली, "इथे सगळेच सरकारी नोकर आहेत, पण चहा मीच करते." डॉक्टर ओशाळले आणि कप धुवायला उठले. एक दिवसाचं का होईना.

होडीवालीचं पुढे काय झालं ते सांगते आणि थांबते. अर्जाच्या तारखा पडत राहिल्या, मध्ये दुसरी लाट आली, आणि कोर्टात काही लागायच्या आत पंचांची पुन्हा बैठक झाली. त्या बैठकीला या वेळी बायकाही बसल्या. आम्ही चार जणी गेलो होतो, पण बोलल्या त्या पाड्यावरच्या. एक म्हातारी उठली आणि म्हणाली, ज्या नावेत पोराचा हगमूत हिनं काढला ती नाव ह्याची कशी? सगळे हसले. हसण्यातच वारं फिरलं. मी तिला विचारलं होतं, काय मागायचं, घरात जागा की पोटगी? ती म्हणाली, "घर नको. नाव दे." शेवटी एका शाळेच्या वहीत लिहिलं गेलं की नाव दोघांची, वर्षातले सहा महिने हिच्याकडे. खाली अंगठे. कायद्यानं त्या पानाची किंमत किती, हे तुम्हीही सांगू शकाल.

दिवाळीनंतर नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेला. नाव काठाला होती. तिनं दोर सोडला. या वेळी कुणी चोरी म्हटलं नाही. ती मासे धरते, गरोदर बायकांना पलीकडे सोडते, त्याचे पैसे घेते. मुलीला वल्हं दिलंय. नवरा परतला की काय होतं? कधी सहा महिने पाळले जातात, कधी नाही. मारणं पूर्ण थांबलंय असं मी म्हणणार नाही. ती आता माहेरी जास्त राहते. गेल्या भेटीत मी विचारलं, नाव तुझ्या एकटीच्या नावावर करायची का, तर म्हणाली, "कुठल्या हापिसात करतात, ते आधी बघून ये." मी बघतेय. अजून मला धड उत्तर मिळालेलं नाही. ट्रॅक्टरची नोंद होते, मोटारसायकलची होते. पाड्यावरच्या फळ्यांच्या नावेला कागद काय करायचा आणि त्यावर बायकोचंही नाव कसं घालायचं, हे इथे कुणाला माहीत असेल तर चिठ्ठी द्या.

केसपेपरमध्ये आम्ही एक रकाना वाढवलाय, 'बाहेर पडायची वाट आणि वाहन, कुणाच्या ताब्यात'. नवीन केसपेपर आणि त्या अर्जाची प्रत, नावं खोडून, मी बरोबर आणली आहे. प्रती वीसच आहेत. चहानंतर गटात घेऊन बसू.